नागिणीची लस आणि एक जन्मतारीख

वाचकहो, गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखाना आवरत आलेला असताना आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी आपल्या कन्येला घेऊन आले. खरे तर कन्याच गुरुजींना घेऊन आली होती. गुरुजींचे वय कागदोपत्री ७४. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर त्यांना औषध असे नाही. घरी मात्र त्यांच्या पत्नीला पाच वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. आता त्या लेकीलाही अधूनमधून ओळखत नाहीत. ताईंनी माझ्यापुढे मोबाइल धरला. नागिणीची लस घेणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होत नाही, असे परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केल्याचे त्या संदेशात लिहिले होते आणि खाली तो दहा जणांना पाठवण्याची विनंती होती.

"डॉक्टर, बाबांना ही लस द्यायची का?" त्यांनी विचारले. गुरुजी वजनकाट्याकडे वळले आहेत हे पाहून त्या आवाज खाली आणत म्हणाल्या, "आणि आईला वेळेवर दिली असती, तर?"

मी त्यांना आठ दिवसांनी यायला सांगितले. त्या आठ दिवसांत मी जे वाचले, जे पूर्वी वाचलेले पुन्हा आठवले आणि जे त्या दोघांना सांगितले, ते आज येथे लिहितो आहे. एरवी या सदरात आपण पथ्य, औषधे आणि व्यायाम यांविषयी बोलतो. आज थोडे हिशेबाविषयी बोलावे लागेल. एखादी सरकारी योजना, लसीकरण मोहीम किंवा आरोग्य शिबिर यांमुळे खरोखर काही फरक पडला की नाही, हे ठरवायचे कसे, असा तो हिशेब आहे. तो वाटतो तितका रुक्ष नाही, आणि तो चुकला तर किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

आधी नागिणीविषयी दोन शब्द. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, परंतु त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडून राहतो. उतारवयात प्रतिकारशक्ती उणावली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात आणि आगीसारखी जळजळ होते. फोड सुकतात, पण वेदना पुष्कळदा महिनोन्‌महिने रेंगाळते. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस वाचत नाही, ही समजूत मी आजही ऐकतो. ती निराधार आहे. नागीण मज्जातंतूची वाट सोडून दुसऱ्या बाजूला सहसा जातच नाही.

अशा लसीचा आणि स्मरणशक्तीचा संबंध काय? पूर्वीही काही अभ्यासांत असे दिसले होते की लस घेतलेल्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा कमी असते. मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता, आणि त्याला कारण होते. स्वतःहून जाऊन लस टोचून घेणारा माणूस कोण असतो? बहुधा शिकलेला, चार पैसे बाळगून असलेला, फिरायला जाणारा, नियमित तपासणी करून घेणारा. शिवाय ज्याच्या स्मृतीला आतून कीड लागली आहे, पण अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही, तो लसीच्या रांगेपर्यंत पोहोचतच नाही. मग या दोघांची तुलना करून आलेला फरक लसीचा म्हणायचा की माणसांचा?

माझ्या पिढीच्या डॉक्टरांचे या बाबतीत एकदा चांगलेच तोंड पोळले आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा, पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचे हृदय सुरक्षित राहते, असे मोठमोठ्या अभ्यासांच्या आधारे सांगितले जाई. पुढे अमेरिकेत १६ हजारांहून अधिक स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून, एका गटाला गोळ्या आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या देऊन पाहण्यात आले. २००२ साली ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. हृदयाचे रक्षण तर राहोच, हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत थोडे अधिकच निघाले. मुळात गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया अधिक निरोगी आणि सुस्थितीतल्या होत्या. श्रेय मात्र गोळ्यांना मिळाले होते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी रक्तदाब तपासणीचे शिबिर घेतले. ज्यांचा रक्तदाब फारच चढलेला आढळला, त्यांना निवडून आम्ही दोन महिन्यांचा उपक्रम राबवला. सकाळी सामूहिक फिरणे, जेवणात वरून मीठ न घेणे, लोणचे-पापड बंद आणि संध्याकाळी प्राणायाम. दोन महिन्यांनी पुन्हा मोजले, तर बहुतेकांचा रक्तदाब उतरलेला. संघाच्या वार्षिक सभेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सभा संपल्यावर हेच गुरुजी माझ्याजवळ आले आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "डॉक्टर, रागावू नका, एक विचारतो. पहिल्या चाचणीत सगळ्यांत कमी गुण पडलेली मुलं दुसऱ्या चाचणीत बहुधा वर येतात. मी शिकवणी घेतली तरी येतात, नाही घेतली तरी येतात. तुमच्या माणसांचं तसंच तर झालं नसेल?"

त्या वेळी मला थोडा रागच आला. घरी जाऊन विचार केला तेव्हा ध्यानात आले की गुरुजींनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. रक्तदाब रोज बदलतो, किंबहुना तासातासाला बदलतो. शिबिराच्या दिवशी कुणी उन्हातून चालत आला होता, कुणी रात्री नीट झोपला नव्हता, कुणी डॉक्टरच्या पट्ट्यालाच घाबरला होता. त्या एका दिवशी ज्यांचा आकडा सर्वांत चढलेला होता, नेमके त्यांनाच मी निवडले. पुढच्या वेळी त्यांचा आकडा काहीही न करता खाली येणार हे जवळजवळ ठरलेलेच होते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आई-वडील आणि त्यांची मोठी झालेली मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना ही गोष्ट मांडली. फार उंच आई-वडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नसतात. माझ्या उपक्रमाचा काहीच उपयोग झाला नाही असे मी म्हणत नाही. मीठ कमी केल्याने आणि चालण्याने रक्तदाब उतरतो हे इतरत्र नीट सिद्ध झालेले आहे. पण उतरलेल्या आकड्यातला किती भाग चालण्याचा आणि किती आपोआपचा, हे सांगण्याची सोय मी ठेवली नव्हती. तितकाच चढलेला रक्तदाब असलेली, परंतु उपक्रमात नसलेली माणसे मी मोजलीच नव्हती.

माझी चूक गावापुरती होती. तीच चूक किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन या गरीब शहराचे आहे. तेथे डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी एक योजना उभारली. जी मंडळी वारंवार रुग्णालयात भरती होतात, त्यांच्या घरी परिचारिका, समाजसेवक आणि आरोग्य कार्यकर्ते यांचे पथक जाईल, औषधे लावून देईल, डॉक्टरांकडे सोबत येईल, सरकारी मदतीचे अर्ज भरून देईल. थोडक्यात, घरातल्या जाणत्या लेकी-सुना जे करतात ते. शल्यविशारद आणि लेखक अतुल गवांदे, ज्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, यांनी २०११ साली या प्रयोगावर लिहिले आणि तो देशभर गाजला. योजनेत आलेल्या रुग्णांचे भरती होणे पुष्कळ कमी झालेले दिसत होते.

कौतुकाची गोष्ट अशी की कॅम्डेनच्या मंडळींनी केवळ टाळ्यांवर समाधान मानले नाही. त्यांनी अर्थशास्त्रज्ञांना बोलावून आपली योजना कसोटीला लावली. ८०० रुग्ण घेतले. कोणाकडे पथक जाईल आणि कोणाला नेहमीचीच सेवा मिळेल, हे चिठ्ठीने ठरवले. जानेवारी २०२० मध्ये निकाल छापून आला. पथक गेलेल्या गटात सहा महिन्यांत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण ६२.३ टक्के होते, न गेलेल्या गटात ६१.७ टक्के. म्हणजे फरक नाहीच. केवळ पथक गेलेल्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे पाहिले असते, तर शंभरात ३८ अंकांची घट दिसली असती आणि सर्वांनी पेढे वाटले असते. पण तेवढीच घट चिठ्ठी न निघालेल्यांतही झाली होती. माणूस सर्वांत आजारी असतो त्या सुमारास त्याला योजनेत घेतले जाते. त्यानंतर त्याला बहुधा थोडा उतार पडतोच.

या निकालावरून काळजी घेणे व्यर्थ आहे असे कुणी म्हणू लागले, तर ते मला मान्य नाही. पथक गेल्याने रुग्णाला धीर मिळाला असेल, त्याच्या घरच्यांना झोप मिळाली असेल. ते या चाचणीचे मोजमाप नव्हते. जे मोजले, त्यापुरतेच ते उत्तर आहे.

चिठ्ठ्या टाकणे प्रत्येक वेळी शक्य नसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी जे काम केले, त्याचे आकडे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. गावातल्याच स्त्रियांना शिकवून, त्यांनी घरोघरी जाऊन बाळाची काळजी घ्यायची आणि जंतुसंसर्गावर उपचारही करायचे, अशी ही योजना होती. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत ती राबवली गेली. पण त्याच वेळी शेजारच्या ४७ गावांतले जन्म आणि मृत्यूही तितक्याच काटेकोरपणे नोंदवले गेले, आणि योजना सुरू होण्याआधीची दोन वर्षेही दोन्हीकडे मोजली गेली. योजनेच्या गावांत हजारी सुमारे ६२ असलेला नवजात मृत्युदर सुमारे २५ वर आला. शेजारच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. त्यामुळे 'पाऊसपाणी बरे झाले असेल', 'रस्ता झाला असेल', 'सगळीकडेच सुधारणा होत असेल' या शंकांना जागा उरली नाही. कारण पाऊस आणि रस्ते दोन्हीकडे सारखेच होते. एका बाजूचा बदल, त्यातून दुसऱ्या बाजूचा बदल वजा. उरला तो योजनेचा. संख्याशास्त्रज्ञ याला फरकांमधला फरक म्हणतात. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरातल्या आशा ताईंकडे आले. मोजली गेलेली ती ४७ गावे नसती, तर हे घडायला किती वर्षे लागली असती, कोण जाणे.

आता पुन्हा नागिणीकडे येऊ. ताईंच्या मोबाइलमधल्या संदेशामागची गोष्ट ब्रिटनमधील वेल्स या प्रांतात घडली. तेथे १ सप्टेंबर २०१३ रोजी सरकारने वृद्धांसाठी नागिणीच्या लसीची योजना सुरू केली. लस पुरेशी नव्हती आणि ८० पुढच्या लोकांत ती कमी प्रभावी ठरते असे मानले जाई. म्हणून नियम असा झाला की त्या दिवशी ज्यांना ८० वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांना ही लस मिळणार नाही; पुढेही कधी नाही. त्याहून लहान असलेल्यांना टप्प्याटप्प्याने मिळेल. हिशेब केला तर सीमारेषा पडते ती २ सप्टेंबर १९३३ या जन्मतारखेवर. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेला माणूस पात्र, आदल्या दिवशी जन्मलेला कायमचा अपात्र.

वाचकहो, क्षणभर या नियमाकडे त्या दुर्दैवी माणसाच्या नजरेतून पाहा. आपण ३१ ऑगस्टला जन्मलो, शेजारचा ५ सप्टेंबरला. दोघे एकाच शाळेत गेलो, एकाच कारखान्यात राबलो, एकाच बाकावर बसून म्हातारे झालो. त्याला लस, आपल्याला नाही. अन्याय म्हणावा असाच हा प्रकार आहे. पण संशोधकाच्या दृष्टीने यापेक्षा चांगली तुलना मागूनही मिळाली नसती. सीमारेषेच्या अलीकडे आणि पलीकडे थोड्याच आठवड्यांच्या अंतराने जन्मलेली हजारो माणसे. शिक्षण, पैसा, खाणेपिणे, व्यायाम, जुने आजार, सगळे सरासरीने सारखे. कारण आपण कोणत्या आठवड्यात जन्मावे, हे कुणीही ठरवलेले नसते. फरक एकच, लसीचा. जेमतेम पात्र ठरलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांनी लस घेतली. त्यांच्याहून आठवडाभराने मोठ्या असलेल्यांपैकी जवळजवळ कोणीच नाही. सरकारी नियमाने नकळत चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. पास्कल गेल्डसेट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखले. वेल्समधील २ लाख ८० हजारांहून अधिक वृद्धांच्या, नावे काढून टाकलेल्या वैद्यकीय नोंदी त्यांनी तपासल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या पद्धतीला 'रिग्रेशन डिसकंटिन्युइटी' असे अवजड नाव आहे. आपण उंबरठ्याची तुलना म्हणू. एका अक्षावर जन्मतारीख मांडायची, दुसऱ्यावर सात वर्षांत स्मृतिभ्रंश झालेल्यांचे प्रमाण. वय वाढेल तसा तो आलेख हळूहळू चढत जाणारच. पाहायचे ते इतकेच की २ सप्टेंबर १९३३ च्या उंबरठ्यावर त्या रेषेत एकदम पायरी पडते का. पायरी पडली होती.

यात एक बारकावा मला फार आवडला. त्यांनी लस घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी केली नाही. तसे केले असते, तर मघाचा तोच दोष मागच्या दाराने आत आला असता. त्यांनी सर्व पात्र लोकांची तुलना सर्व अपात्र लोकांशी केली. पात्र असूनही जे गेलेच नाहीत, तेसुद्धा पात्रांतच मोजले. मग पात्रांपैकी निम्म्यांनीच लस घेतली असल्याने, निघालेला फरक त्या प्रमाणात वाढवून प्रत्यक्ष लसीचा परिणाम काढला. त्याच तारखेच्या उंबरठ्यावर मधुमेह, हृदयविकार किंवा इतर लसी घेण्याचे प्रमाण यांतही पायरी पडते का, हेही त्यांनी पाहिले. पडत नव्हती. नागिणीत मात्र पडत होती, आणि ती पडायलाच हवी होती.

परिणाम किती? लस घेतल्याने सात वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता शंभरात सुमारे साडेतीन अंकांनी, म्हणजे मूळ प्रमाणाच्या पाचव्या हिश्शाने कमी झाली. साध्या शब्दांत सांगायचे तर, ज्या शंभर वृद्धांपैकी सुमारे सतरा-अठरा जणांना हा आजार जडला असता, त्यांपैकी सुमारे चौदा जणांना जडला. आकड्याभोवती धुके आहे. खरा फरक शंभरात एकापेक्षा कमी ते सात इतक्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. स्त्रियांमध्ये परिणाम पुरुषांपेक्षा ठळक दिसला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून याच पद्धतीचा अभ्यास आला. तेथे नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या योजनेतही ८० वर्षांचीच सीमारेषा होती. तेथेही फरक दिसला, शंभरात सुमारे १.८. दोन देश, दोन वेगळ्या तारखा आणि एकाच दिशेने पडलेली पायरी, यामुळे माझी जुनी अढी बरीचशी सैल झाली.

पूर्ण गेली मात्र नाही, आणि तेही सांगितले पाहिजे. वेल्समध्ये वापरली गेलेली लस दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची होती. भारतात २०२३ पासून मिळणारी लस वेगळ्या घडणीची आहे. तीत जिवंत विषाणू नसतो. नागिणीपासून ती कितीतरी चांगले संरक्षण देते. सत्तरीपुढच्यांतही चाचण्यांमध्ये ते ९० टक्क्यांच्या आसपास निघाले. पण स्मृतिभ्रंशाबाबत वेल्समधला आकडा जसाच्या तसा तिला चिकटवता येत नाही. शिवाय उंबरठ्याची तुलना उंबरठ्याजवळच्यांविषयीच खात्रीने बोलते, म्हणजे ऐंशीच्या आसपासच्या माणसांविषयी. पन्नाशीत लस घेणाऱ्याचे काय होईल, हे त्या आलेखात नाही. 'होत नाही' हा त्या संदेशातला शब्द तर सरळ खोटा आहे. लस घेतलेल्या शंभरांपैकीही चौदा जणांना तो आजार झालाच.

आठ दिवसांनी गुरुजी आणि ताई आले तेव्हा यातले बरेच मी त्यांना सांगितले. गुरुजींना आलेखातली पायरी फार आवडली. ते म्हणाले, "आपल्याकडेही सत्तरीची रेघ आहे की." ते बरोबर होते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले आहेत. त्यांच्या खिशात ते वय वंदना कार्ड होतेच. नुकतीच सत्तरी ओलांडलेले आणि थोडक्यात हुकलेले, यांच्या रुग्णालयाच्या खर्चाची तुलना करता येईल का? काही महिन्यांपुरती करता येईल. पुढे हुकलेलेही सत्तरीत शिरणारच. पण त्याआधीच एक अडचण उभी राहते. मी विचारले, "गुरुजी, तुमची जन्मतारीख?"

"१ जून," ते म्हणाले आणि हसू लागले. "माझी माझ्या मास्तरांनी लावली. मी पुढं किती पोरांना लावली असेल, मोजदाद नाही. शाळेत घालताना आई सांगायची, पोळ्याच्या आसपास झाला, दुष्काळाच्या आदल्या वर्षी. हजेरीपटात काय लिहिणार?"

माझ्या दवाखान्यातल्या वयस्क रुग्णांची आधार कार्डे पाहिली, तर निम्मे गाव एकाच दिवशी जन्मले की काय असे वाटते. ज्या तारखेवर एवढी गर्दी लोटते, तिच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे आठवड्याच्या नव्हे, तर वर्षा-दोन वर्षांच्या अंतराची असतात, आणि ते अंतर कुठेच लिहिलेले नसते. वेल्समध्ये पायरी दिसली, ती तेथील जन्मतारीख खरी होती आणि प्रत्येकाची नोंद त्याच्या कुटुंबाच्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षे जपलेली होती म्हणून. आमच्याकडे रुग्ण येतो तो प्लास्टिकच्या पिशवीत चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन, आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची चिठ्ठी घरी राहिलेली असते. मीही माझ्या जुन्या रुग्णांच्या नोंदी दोनदा दवाखाना बदलताना गमावल्या आहेत, म्हणून हे कुणाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही.

गुरुजींना मी लस घ्या म्हणून सांगितले, पण कारण बदलून. नागीण टळावी हे कारण एकटेच पुरेसे आहे. मेंदूचे काही भले झाले तर ते वर मिळालेले समजावे. दंडावर दोन इंजेक्शने, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. एक-दोन दिवस दंड दुखतो, अंग मोडून येते, क्वचित ताप येतो. लस महाग आहे आणि शासनाच्या लसीकरणात ती नाही, त्यामुळे ज्यांचे महिन्याचे औषधच कसेबसे भागते, त्यांनी आधी रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या चुकू देऊ नयेत. उसनवारी करून ही लस घ्यावी, असे मी कुणालाही म्हणणार नाही.

ताईंचा दुसरा प्रश्न उरला होता. मी त्यांना म्हटले, "ताई, ही लस आपल्याकडे आली २०२३ साली. आईंचं विसरणं त्याच्या आधीच सुरू झालं होतं. आणि समजा असती, तरी शंभरांतल्या त्या तीन-चार जणांत आई असत्या की चौदा जणांत, हे जगातला कुठलाही हिशेब सांगू शकत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग आता आईला देऊन काही उपयोग?"

उपयोग आहे, आणि तो स्मृतीसाठी नाही. ज्या माणसाला कुठे दुखते ते सांगता येत नाही, त्याला नागीण झाली तर घरच्यांना ती फार उशिरा कळते. असा रुग्ण अचानक चिडचिड करू लागतो, कपडे ओढतो, एका कुशीवर झोपू देत नाही. आणि आपण म्हणतो, आजार वाढला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात असा बदल दिसला, तर आधी अंगावरचे कपडे काढून पाठ, छाती, कंबर आणि कपाळ नीट पाहावे. एका बाजूलाच लालसर पट्टा किंवा फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या, तर त्यांचा सर्वाधिक फायदा होतो. डोळ्याजवळ फोड असतील, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये.

गुरुजींचे पहिले इंजेक्शन त्याच संध्याकाळी झाले. ताईंच्या आईंना दवाखान्यात आणणे अवघड आहे, अनोळखी जागेत त्या घाबरतात. म्हणून रविवारी सकाळी त्यांचे आटोपल्यावर मी घरी जाऊन देणार आहे.